नवा पंप बघायला कोण?

येवल्याच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन शेतकरी बोलत होते.

"पुंजाराम, नव्या पंपानं कांद्यावर औषध मारलं म्हणं?"

"मारलं ना, भर दुपारी."

"अरे, दुपारी वारं असतं. सकाळी मारावं, नळी खाली धरून."

"सकाळी पंप बघायला रस्त्यानं कोण जातं? दुपारी एसटी जाती. नळीबी उंच धरली, लांबून दिसावी म्हणून."

"मग औषध गेलं कुठं?"

"निम्मं माझ्या तोंडावर, निम्मं शेजारच्या शकूवहिनीच्या मेथीवर."

"त्यांना सांगितलं का?"

"सांगायलाच गेलो, तर त्यांनी कौतुकानं त्याच मेथीची जुडी हातात दिली. मग सांगितलं, खाली मान घालून. सगळा वाफा उपटून टाकला त्यांनी."

"आता?"

"आता सकाळीच मारणार."

"अन् पंप बघायला कोण?"

"शकूवहिनी. काठी घेऊन बांधावर उभ्या राहणार हायेत."