माझ्यामागे एक

...आणि वर म्हणतात, मूठ दाखव. मला. तौनोला. सत्तावीस वर्षं दर मार्चअखेरीला बर्फावरच्या गाड्यांवरून चार दिवसांच्या सफरीवर ज्यानं पुढे राहून सगळ्यांना नेलं, आणि एक अपवाद सोडला तर ज्या देशातून निघालो त्याच देशात कायम ठेवलं, त्या माणसाला म्हणायचं, तू आपला शेवटी राहा आणि समोरून कोणी आलं की मूठ दाखव! अहो, मागे राहणाऱ्यांतला माणूस नाही मी, तुम्हाला सांगतो.

अपवादाचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझा मेहुणा ओस्मो सांगेल, आणि त्याच्या तोंडी ती गोष्ट दर वेळी चार किलोमीटरनं वाढते. मागच्या वर्षी मी एक जवळची वाट काढली. नदी गोठलेली, तिच्यावर कमरेएवढा बर्फ, आता अशा वेळी नदी कुठं संपली आणि कुरण कुठं सुरू झालं हे नदीला तरी कळतं का? पंधरा मिनिटांत एका खानावळीपाशी पोचलो, जेवायला बसलो, पाटीवरची भाषा जरा वेगळी वाटली, सूपही गोडसर लागलं, आणि हेल्का, म्हणजे माझी बायको, ओस्मोची थोरली बहीण, चमचा खाली ठेवून शांतपणे म्हणाली की तौनो, आपण स्वीडनमध्ये आहोत. बरं, असू! स्वीडनचं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर मागे. म्हणजे साडेबाराला निघालो आणि पावणेबाराला पोचलो. जगातला कुठला म्होरक्या आपल्या माणसांना निघण्याच्या आधी पोचवतो, सांगा ना! पण कौतुक राहिलं बाजूला, दोघं भावंडं वर्षभर तेच उगाळत बसली.

आणि तयारी कोण करतं? आमच्याकडे उत्तरेला नोव्हेंबरात सूर्य गेला की लोक उदास होतात, मी नकाशा काढतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, फ्रिजच्या वर, हेल्काच्या आईच्या फोटोवर थोडासा चढतो, त्याला इलाज नाही. चारशे ऐंशी किलोमीटर. पेट्रोल कुठं मिळेल, कुठं मिळणार नाही, डबे किती न्यायचे, कुठल्या तळ्यावर बर्फाखाली पाणी साचतं आणि तिथं मेलात तरी थांबायचं नाही, रेनडियरचे कळप कुठं आडवे येतात, शेकोटीला माणशी सॉसेज किती, आणि कॉफी... कॉफीचा हिशेब मी पेट्रोलच्या आधी करतो, कारण पेट्रोल संपलं तर गाडी थांबते, कॉफी संपली तर ओस्मो.

तर फेब्रुवारीतला शनिवार, आम्ही दोघं सॉनात बसलेलो, ओस्मोनं तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं, भसकन वाफ उठली, आणि त्या वाफेच्या आडून, तोंड दिसत नसताना, ह्याला मी हिंमत म्हणत नाही हं, म्हणाला, "दाजी, या वर्षी ताई पुढे."

तुम्ही म्हणाल, ताडकन उठून निघून का नाही आलास? बाहेर उणे सव्वीस आणि अंगावर नुसता संताप! बसलो तसाच. मतदान झालंय म्हणे. तिघांत दोन मतं पडली की निकाल लागतो, मग तिसऱ्याला कशाला उगाच तसदी? ताई पुढे, मधे ओस्मो, आणि मी मागे, कारण माझी गाडी जुनी आहे आणि जुन्या गाडीला ओढ चांगली असते, म्हणून मागून ओढायची सामानाची स्लेजही मलाच. तंबू, पेट्रोल, किटली, आणि ओस्मोची घडीची खुर्ची, कारण साहेबांना ओंडक्यावर बसलं की कंबर धरते.

आता ज्यानं कधी स्नोमोबाइलवर लांबचा पल्ला मारला नसेल त्याला शेवटचा म्हणजे काय ते कळायचं नाही. पुढच्या दोन गाड्यांनी उडवलेला सगळा भुगा तुमच्या तोंडावर. पुढचे डोंगर बघतात, तुम्ही मेहुण्याची पाठ बघता, चार दिवस, आणि ती पाठ काही फार प्रेक्षणीय आहे अशातला भाग नाही. हेही सोसलं असतं. पण ती मूठ! वाट रानातून, अरुंद, वळणावळणाची, समोरून गाडी आली की आपल्यामागे किती आहेत ते बोटांनी दाखवायचं, म्हणजे तो बिचारा तितक्यांसाठी कडेला थांबतो. हेल्का डावा हात वर करून ऐटीत दोन बोटं दाखवणार, ओस्मो एक दाखवणार, आणि मी मूठ. मूठ म्हणजे संपलं. ह्याच्यामागे कोणी नाही, कुत्रंसुद्धा नाही, निघा आता.

पहिल्या दिवशी दाखवली हो, नाही कशाला म्हणू. अकरा वेळा. बाराव्या वेळी समोरून एक बारा-तेरा जणांची रांग आली, दक्षिणेकडची शहरातली माणसं, कोरे करकरीत पोशाख, आणि त्यांच्यातल्या शेवटच्यानं माझी मूठ बघून आपली मूठ दाखवली आणि वर मान हलवली. कशी? अशी, दवाखान्याच्या बाकावर बसलेला पेशंट दुसऱ्या पेशंटकडे बघून हलवतो तशी! त्या रात्री मला झोप नाही. मागे राहणाऱ्यांतला माणूस नाही मी, आणि मला कोणी आपल्यात धरावं?

दुसऱ्या दिवशी दुपारी चढणीवर एक वळण, वळणावर दोन गाड्या समोरून आल्या, थांबल्या. हेल्कानं दोन दाखवली, ओस्मोनं एक. माझा हात वर गेला. मूठ वळायची होती, देवाशपथ वळायची होती, पण पहिलं बोट उभंच राहिलं. माझ्यामागे एक! आणि काय सांगू तुम्हाला... समोरच्यानं मला चक्क सलाम ठोकला. पाठ सरळ झाली, स्लेज हलकी झाली, मेहुण्याची पाठसुद्धा बरी दिसायला लागली. हात माझा, बोटं माझी, कुणाच्या बापाचं काय गेलं? त्यात गंमत अशी की माझ्या डाव्या हातमोज्याचं पहिलं बोट गेल्या हिवाळ्यात शेकोटीत जळलं होतं आणि हेल्कानं ते पिवळ्या लोकरीनं सांधलं होतं, त्यामुळे ते असं झळकलं म्हणता!

चार वाजता आम्ही मार्ताबाईच्या रानातल्या खानावळीत पोचलो. मार्ताबाई म्हणजे बोलायला कमी आणि वाढायला जास्त. सॅमन माशाचं सूप, काळा पाव, कोपऱ्यात चूल, वर आमचे हातमोजे वाळत घातलेले, मी दुसऱ्यांदा सूप घेतोय, तेवढ्यात दार उघडून एक म्हातारा-म्हातारी आत आली. सत्तरीची. भुवयांवर बर्फ. म्हातारा म्हणाला की चढणीवर एक माणूस हरवलाय.

तो सांगायला लागला. त्याचं नाव आर्वो, बायको लेम्पी. वळणावर तिघं भेटले, तिसऱ्यानं दाखवलं की मागे एक आहे, म्हणून हे कडेला थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. इंजिनं बंद करून कानोसा घेतला. मग वाटेनं खालपर्यंत जाऊन आले, दरीत डोकावून आले, कोणी नाही. दोन तास झाले, म्हणून मागे फिरून इथं आले.

आता तुम्ही हसताय. माझ्या डोक्यात तेव्हा काहीही आलं नाही! हेल्मेट आणि गॉगल चढवला की वाटेवर सगळे सारखेच, मी त्यांना ओळखलं नाही, त्यांनी मला ओळखलं नाही, आणि रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला काय मी लक्षात ठेवतो? मी उठून उभा राहिलो आणि, आठवलं की अजून घाम फुटतो, सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटून म्हणालो, "मागच्याला टाकून पुढे निघून जातो, असल्या माणसाला गाडीवर बसायला देऊ नये." सगळ्यांनी माना डोलावल्या. ओस्मोनं सर्वांत जास्त.

मार्ताबाईनं विचारलं, ही चढण कोणाला पाठ आहे? आणि हेल्का, माझ्याविरुद्ध मत टाकणारी माझी हेल्का म्हणाली की तौनोला आहे, तौनो पुढे राहील. मार्ताबाई फोनपाशी बसली. साडेसहापर्यंत सापडला नाही तर ती हेलिकॉप्टर मागवणार होती.

स्लेज खानावळीपाशी सोडून सात गाड्या निघाल्या, पुढे मी! अंगावर भुगा नाही, समोर डोंगर, पाठीमागे सहा माणसं माझ्या खुणेवर चालतायत. सहा दाखवायला दोन हात लागतात आणि उजव्या अंगठ्यानं तर रेस द्यायची असते, म्हणून मी खास गाडी थांबवून सहा दाखवली. समोर कोणी नव्हतं, एक रेनडियर होता, त्याला दाखवली. मागे राहणाऱ्यांतला माणूस नाही मी, हे निदान त्याला तरी पटलं.

वळणावर उतरलो. मी कामं वाटून दिली, तू दरी बघ, तू झाडी बघ, ओस्मो, तू बर्फात काठी खुपसून बघ. मग आर्वोला म्हटलं, मागच्याला टाकून गेलेल्या त्या माणसाचं वर्णन सांग, म्हणजे परत कुठं भेटला तर सोडणार नाही त्याला. आर्वो म्हणाला की गाडी जुनाट, निळी. मागे सामानाची स्लेज. स्लेजवर एक घडीची खुर्ची बांधलेली.

ओस्मोची काठी बर्फात थांबली.

"आणि हात असा वर केला," आर्वो म्हणाला. "पहिलं बोट पिवळं होतं."

मंडळी... मी हँडलवरच्या माझ्या हाताकडे बघितलं. पिवळं बोट. मग मी तो हात हळूच खिशात घातला. सहा माणसं, बर्फात गुडघ्याएवढी रुतून, मला शोधत होती, आणि त्यांना शिस्तीत मी शोधायला लावलं होतं! नाही, मलाही नाही, जो नव्हताच त्याला. सव्वासहा झाले होते. गप्प राहिलो तर पाऊण तासात डोक्यावर हेलिकॉप्टर, बोललो तर सत्तावीस वर्षांची इज्जत त्याच वळणावर पुरायची. मी म्हटलं, कदाचित तो माणूस परत फिरला असेल, घरी गेला असेल, सूप पीत असेल. माझ्या आवाजात मलाच दम वाटेना.

तेवढ्यात लेम्पीमावशी वाटेच्या कडेला गेली आणि थर्मासचं झाकण घेऊन आली. झाकणात कॉफी. वर तिनं आपला रुमाल झाकला होता, दुपारी इथं थांबली होती तेव्हापासून बर्फात रोवून ठेवलेली. त्या मागच्या माणसासाठी. म्हणाली, गार झाली असेल, पण सापडला तर त्याला आधी हीच देऊ.

हेल्का माझ्याजवळ आली. ते बोट तिनंच विणलेलं, तिला काय सांगायचं? ओरडली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, "तौनो, हात दाखव."

मी खिशातून हात काढला. सगळे बघत होते. वर केला. आणि मूठ वळली. घट्ट. माझ्यामागे कोणी नाही, मंडळी. कधीच नव्हतं.

ओस्मो खाली बर्फात बसला, खुर्चीशिवाय, आणि पोट धरून हसायला लागला. आर्वोला आधी कळेना, मग कळलं, मग त्यानं जे शब्द वापरले ते मी इथं सांगत नाही, पण सत्तरीच्या माणसाला इतके येतात याचं मला कौतुक वाटलं. कोणीतरी मार्ताबाईला सांगायला सुसाट परत सुटलं. आणि लेम्पीमावशी माझ्यासमोर आली, झाकण माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मग ही तुझीच."

प्यालो. उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, बर्फासारखी गार. त्याच्याइतकी कडू कॉफी मी जन्मात प्यायलो नाही, आणि एक थेंब ठेवला नाही.

उरलेले दोन दिवस शेवटी राहिलो, इमानानं मूठ दाखवली. पण मनातून मी काही हरलो नव्हतो हं! घरी आल्यावर परत नकाशा काढला, परत सासूबाईंच्या फोटोवर चढवला, म्हटलं एक वर्षात माणसं विसरतात, बघतो पुढच्या वेळी कोण मला मागे ठेवतं ते. मागे राहणाऱ्यांतला माणूस नाही मी!

परवा माझा वाढदिवस झाला. हेल्कानं नवे हातमोजे विणून दिले, जाडजूड, पिशवीसारखे, बोटंच नसलेले. एक बोट दाखवा, चार दाखवा, बाहेरून दिसणार काय? मूठ. मी म्हटलं ठीक आहे, अंगठा तर आहे, अंगठा म्हणजे एकच झाला की! गुपचूप घालून बघितले. उजव्याला अंगठा आहे, रेस द्यायला लागतो म्हणून. डाव्याला तिनं ठेवलेलाच नाही.

उबदार मात्र आहेत हो... खोटं कशाला बोलू?