तिला पाहिजे तितकं शिकू द्या

...आन् वरनं कॉलेजचे सर म्हणतात, "सर्व्हे म्हणजे काय शिवप्रिया, नुसतं घरोघर जाऊन विचारायचं!" नुसतं? अहो, नुसतं विचारून माणूस खरं सांगत असता तर कोर्टकचेऱ्या कशाला लागल्या असत्या? तुम्हाला सांगतो, ही आमच्या गल्लीतली गौरीशंकरआण्णांची पोरगी. बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय समाजशास्त्र. कॉलेज केवढं? येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून, सहा खोल्या आन् एक लिंबाचं झाड. पटावर पोरं चाळीस, वर्गात चार, बाकीची पोलीस भरतीसाठी पळायला गेलेली! रणधीर सर एकटेच समाजशास्त्र शिकवणार, राज्यशास्त्रबी तेच, आन् मॅडम रजेवर गेल्यापास्नं इतिहासबी त्यांच्याच गळ्यात. तर ह्या सरांनी हिला प्रकल्प दिला: मुलींच्या उच्च शिक्षणाबद्दल पालकांचं मत. पन्नास घरं, बावीस प्रश्न, आन् घर घ्यायचं ते दर तिसरं. आपल्या मर्जीतलं घर मधीच घुसवायचं न्हाय, शास्त्र हाय म्हणे ते.

पोरीला एम.ए. करायचं होतं हो, धाराशिवला जाऊन. बाकी काही मागणं न्हाय तिचं. पण आण्णांना विचारलं की आण्णा म्हणायचे, "बघू." आता आपल्याकडचं 'बघू' तुम्हाला मी काय सांगावं... त्यात व्हय बी नसतं आन् न्हाय बी नसतं, नुसती वर्षं जात्यात, आन् मग एक दिवस घरी पाहुणे येत्यात!

तर निघाली पोरगी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन. पहिलंच घर सारजाबाईचं. हिच्या हातात कागद बघितला आन् सारजाबाई जी सुरू झाली, "आगं बाई, यादी आली व्हय? लिही, घर पडकं, पंखा न्हाय." अहो, पंखा डोक्यावर गरगर फिरतोय! ही म्हणाली, "मावशी, योजना न्हाय ही, मुलींच्या शिक्षणाचं विचारतीय." "मग लिही, पोरीला शिकवायची ऐपत न्हाय." "मावशी, तुम्हाला पोरगीच न्हाय!" "न्हायच की! तेच लिही, त्याचं काय मिळतंय का बघ."

आता सांगा, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

पुढं गुरुलिंगअप्पांचं घर. अप्पा दुकानात, म्हणून काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "मला काय कळतंय, मालक आल्यावर विचार." बसली बिचारी दोन तास. मालक आले, पाणी पिले, म्हणाले, "पोरींचं सगळं हीच बघती, हिला विचार." काकू म्हणाल्या, "ते म्हणतील तसं." अप्पा म्हणाले, "ती म्हणंल तसं." हे कुठल्या रकान्यात लिहायचं, तुम्हीच सांगा!

पण खरी गंमत सोळाव्या प्रश्नाला. 'आपल्या मते मुलीने किती शिकावे?' हा प्रश्न आला की माणूस कसा, फोटोला बसल्यागत ताठ व्हायचा, घसा साफ करायचा आन् म्हणायचा, "तिला पाहिजे तितकं शिकू द्यावं." एक न्हाय, दोन न्हाय, सगळे! एका घरी बाप हे सांगतोय आन् आत भाकरी थापणारी पोरगी, गेल्याच वर्षी कॉलेजातनं काढलेली, ती फस्सकन हसली. बापानं नुसतं तिकडं बघितलं. हसू बंद. शिवप्रियाचा पेन तिथंच थांबला. त्या हसण्याला फॉर्मात जागाच न्हाय हो!

मी? माझ्याबी घरी आली होती की. माझ्या थोरलीला नर्सिंगला जायचं होतं, बारावी झाली आन् उजवून टाकली मी तिला. म्या काय सांगितलं? "तिला पाहिजे तितकं." ...सोडा हो. समोर कागद असला की तोंडातनं तसंच येतंय.

एकोणपन्नास घरं झाली आन् पोरीनं एक लबाडी केली. जन्मातली पहिली. दर तिसरं घर मोजताना एक दार गाळलं, म्हणजे पन्नासावं घर तिचं स्वतःचं आलं! का? तर म्हणली, गावापुढं आण्णा जे बोलतील, कागदावर ज्याखाली सही करतील, ते मग मोडायचे न्हाईत. केवढा तो विश्वास... संध्याकाळी आण्णा बाजेवर टेकले, मी पायरीवर गप्पा मारत, ही समोर फॉर्म घेऊन. "आपलं पूर्ण नाव?" "आगं, बापाचं नाव ठाव न्हाय व्हय तुला?" "सरांनी सांगितलंय आण्णा, तुम्हीच सांगायचं." आईचा हसून हसून पदर तोंडात. आण्णांनाबी मजा वाटली, एकेक उत्तर दिलं. आला सोळावा. आण्णा ताठ झाले, घसा साफ केला. "लिही. तिला पाहिजे तितकं शिकू द्यावं." पोरीनं लगेच फॉर्म फिरवून पुढं केला. सही घेतली, आन् पिशवीतनं एम.ए.चा अर्ज काढून पुढं ठेवला. "आण्णा, मग इथंबी करा."

आण्णांनी अर्ज वाचला. चष्मा काढला. रागावले न्हाईत, माणूस मायाळूच हाय तो. लई हळू म्हणाले, "बाळ, आत्ता इचारलंस ते समाजाचं. हे घरचं हाय."

पोरगी मांडीवर दोन्ही कागद घेऊन तशीच बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, पण न्हाय रडली.

आन् निष्कर्ष काय निघाला म्हणता? शंभर टक्के पालक मुलींच्या उच्च शिक्षणाच्या बाजूनं! रणधीर सर खूश, कॉलेजात कार्यक्रम, प्रकल्प पहिला आला. सत्काराला आण्णांना बोलावलं, शाल घातली, आण्णांनी भाषण केलं. टाळ्या हो टाळ्या! टाळ्या वाजवणारात मीबी होतो. ही पहिल्या रांगेत बसून बापाकडं बघत होती.

आन् त्या भाषणाची कीर्ती ऐकून पुढच्याच रविवारी तुळजापूरकडचे पाहुणे आले. चहा-पोहे झाले. मुलाचा बाप म्हणाला, "आमच्यात शिक्षणाला लई मान हाय बघा. लग्नानंतर मुलीनं तिला पाहिजे तितकं शिकावं!" आण्णांचा चेहरा असा फुलला... सुपारीच फुटली समजा. शिवप्रिया ट्रे घेऊन उभी होती. खाली मान घालून पुटपुटली, "एक्कावन्न."

मुलाच्या आईनं विचारलं, "काय म्हणाली हो मुलगी?"

हिची आई म्हणाली, "काय न्हाय, लाजतीय."