गायतळ्यातली म्हातारी मरळ

मंडळी, ऐका. गळा माझा बेताचाच. पुस्तकात डोकं घालून म्हातारा झालो, त्यामुळे चार माणसांपुढं उभं राहिलं की अजून अवघडायला होतं. तेव्हा सूर शोधू नका. गोष्ट तेवढी घ्या, आणि कुठं चुकलो तर पोटात घाला.

आधी एक प्रश्न. वैऱ्यानं ताट वाढलं तर माणूस काय करतो? वास घेतो, रंग बघतो, आणि हळूच ताट बाजूला सारतो. पण बापानं वाढलं तर? आपल्या हातानं काटे काढून, फुंकर घालून घास पुढं केला तर? तिथं वास कोण घेतो? मग सांगा — प्रेमानं दिलेलं विष कमी बाधतं का हो?

पहिल्या रांगेतले काका, तुम्ही मान हलवलीत. ती प्रश्नाला की झोपेला, ते नंतर ठरवू!

तर राजुरं नावाचं गाव. गावाबाहेर गायतळं. बारमाही पाणी, काठाला बाभळी, आणि काठावरच गेनबा झारेकराचं घर. आता झारेकर म्हणजे कोण? सोनार दागिना घडवतो तेव्हा सोन्याचे कण उडतात, केरात जातात. तो केर विकत घ्यायचा, घमेल्यात घालून पाण्यानं धुवायचा, आणि शेवटी त्यात पारा टाकायचा. पारा काय करतो? टोपलीभर धुळीत लपलेला सोन्याचा कण न् कण पोटात घेतो! मग तो पारा फडक्यातून पिळायचा, उरलेला गोळा तापवायचा. पारा उडून जातो आणि वाटीच्या तळाशी काय राहतं? गुंजभर सोनं!

कष्टाचं काम. गेनबाचा बाप हेच करायचा, आजा हेच करायचा. आणि आज्यानं घालून दिलेली एक रीत होती. धुण्याचं काम संपलं की उरलेला करडा गाळ, त्यात पाऱ्याचे चुकार मणी — तो गाळ दोन्ही हातांनी तळ्यात सोडायचा आणि म्हणायचं, "आई, पाण्याचं पाण्याला." मग नमस्कार.

बघा हं! ज्या तळ्यानं पोट भरलं, त्याला रिकाम्या हातानं पाठ दाखवायची नाही. किती सुंदर भाव! भावात काही खोट नाही, मंडळी. खोट ओंजळीत होती.

गेनबाला वाटायचं — गेलं, बुडालं, संपलं. पण पाण्यात पडलेली वस्तू संपते की फक्त दिसेनाशी होते? पारा तळाशी बसला. तळाच्या चिखलात त्याचं रूप पालटलं, आणि तो सजीवांच्या अंगात शिरण्याजोगा झाला. शेवाळानं तो घेतला. शेवाळ खाल्लं बारक्या किड्यांनी. किडे खाल्ले पिटुकल्या माशांनी. त्यांना गिळलं मोठ्यांनी. आणि हा पाहुणा असा, की अंगात शिरायला दार उघडं, बाहेर पडायला मात्र एवढीशी फट! येतो भरभर, जातो रेंगाळत. अशानं घर भरणार नाही तर काय?

साठे साठे देही, कळेना कुणाला ।
हळूच ये घाला, गोड मुखे ॥

आणि तळ्याच्या खोल भागात एक मरळ होती. हाताएवढी लांब, पाठ काळीभोर. गाव तिला 'म्हातारी' म्हणायचं. तिनं आयुष्यभर काय केलं? बाकीचे मासे खाल्ले! म्हणजे साऱ्या तळ्याचा वाटा कुणाच्या पोटात? — बरोबर.

(मागून कुणीतरी कुजबुजलं, 'बुवा, देवळात माशांची गोष्ट?' अहो, देवाचा पहिला अवतार कोणता? मग! त्यानं लाज धरली नाही, मी का धरू?)

तर गेनबाची एकुलती लेक मंजुळा. तिचं सासर लांब, माळावर. तिथं मासा सणासुदीलाही दिसत नाही. पहिलटकरीण म्हणून पाचव्या महिन्यात माहेरी आली. आल्या आल्या म्हणाली, "आबा, मला तळ्यातला मासा पाहिजे."

बापाला काय, आभाळ ठेंगणं! रोज गळ टाकून बसू लागला. आणि त्या घरची दुसरी रीत ऐका — लेकीच्या ओटभरणाला तळ्यातली सगळ्यांत मोठी मरळ शिजवून तिला घालायची. जेवढा मासा जुना, तेवढं बाळाला आयुष्य जास्त. गेनबानं ठरवलं — माझ्या मंजुळेला म्हातारीच!

घरात एक मांजर होतं, मनी. माशांची डोकी, आतडी, जे आपण फेकतो ते सगळं मनीच्या वाट्याला. वर्षानुवर्षं. एके दिवशी मनी अंगणात वेडीवाकडी चालायला लागली. उडी मारायला गेली, ती भिंतीवर आपटली. गोल गोल फिरली. गेनबाची बायको हौसा खदखदून हसली. "अगं बया! मंजे, बघ तर, मनी तमाशात नाचायला निघाली!" शेजारपाजारचे गोळा झाले. सगळे हसले. तुम्हीही हसलात आत्ता — मी बघितलं.

चार-सहा दिवसांत मनी मेली.

तिला पुरलं त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गरोदर बायका तपासायला गावात आल्या. मंजुळेला तपासलं. गेनबानं कौतुकानं चहा आणला, तर कपबशी खडखड वाजायला लागली. बाईंनी कप घेतला नाही. त्याच्या हाताकडे बघत राहिल्या.

"काका, हात कधीपासून कापतो?"

"वय झालं की वो बाई. बापाचाबी कापायचा. आमच्या घराण्यात चालतच आलंय."

"आणि काम काय करता?"

गेनबानं सगळं सांगितलं. केर, पारा, तापवणं. "तुमचा हात त्या वाफेनं कापतोय, काका," बाई म्हणाल्या. पण गेनबा बोलतच होता. गाळ सांगितला, नमस्कार सांगितला. बायको हौसानं मध्येच मनीचं नाचणं सांगितलं. बाई एकदम ताठ बसल्या.

"मंजुळा, मासा कुठला खातेस?"

"तळ्यातला. आबा रोज आणतात."

"आजपासून बंद. एक घाससुद्धा नाही."

गेनबाला राग आला. का येणार नाही? उद्या मी तुमच्या दारात येऊन म्हटलं, तुमच्या आईचं दूध नासकं, तर तुम्ही मला ओवाळाल का?

"बाई, तळं आमची आई हाय. आई इख घालती व्हय लेकराला?"

"आईला नका दोष देऊ, काका. तिनं तुम्ही दिलेलंच ठेवून घेतलं."

"आन् आम्ही खातोय की जन्मभर! आम्हाला काय झालं?"

बाई हळू आवाजात बोलल्या. "मांजर लहान, म्हणून त्याच्यात लवकर दिसलं. पोटातलं बाळ मांजरापेक्षा लहान आहे."

मग त्यांनी मंजुळेचं रक्त घेतलं, शहरात तपासायला पाठवते म्हणाल्या, आणि गेल्या. उत्तर यायला वेळ लागणार होता. ओटभरण मात्र तोंडावर आलं होतं.

आता गेनबाची गंमत बघा. म्हणजे गंमत कसली, फरफट! एक मन म्हणतं, शिकलेली बाई उगाच कशाला बोलेल? दुसरं म्हणतं, म्हातारी घातली नाही आणि बाळाच्या आयुष्यालाच काही झालं तर? अशा वेळी माणूस काय करतो? हाताला सवय असेल ते करतो. गेनबा तळ्यावर गेला, गळ टाकला, आणि त्याच दिवशी — नशीब बघा — म्हातारी गळाला लागली! त्यानं ती घरी आणून पाण्याच्या टाकीत जिवंत सोडली.

ओटभरणाच्या दिवशी सकाळी गेनबा घमेलं घेऊन बसला. बायका अंगणात जमायला लागल्या होत्या, त्याला कुठंतरी तोंड लपवायचं होतं. केर धुतला. पारा टाकला. बोटानं घोळवला. चमकता थेंब धुळीतून फिरतोय, एकेक कण गिळतोय. दिसत काही नाही, पण थेंब जड होतोय...

गेनबाचा हात थांबला.

त्यानं टाकीकडे बघितलं. म्हातारी संथ फिरत होती. मंडळी, जन्मभर जे हातानं केलं, ते त्याला त्या क्षणी डोळ्यांनी दिसलं. टोपलीभर धुळीतलं सोनं पारा एका थेंबात गोळा करतो. मग तळंभर पाण्यातला पारा गोळा करणारं कोण? ही! मासा म्हणजे तळ्याचा झारेकर! आणि जितका जुना झारेकर, तितका जड गोळा!

आणि तो गोळा आपण लेकीच्या ताटात वाढणार होतो. तूप घालून.

अंगणातून हाक आली. गेनबाची थोरली बहीण गोदाक्का. जिभेला धार अशी की विळी लाजावी! "गेनू! अरे, मरळ चिरायची का तिची पूजा घालायची? लेकीची ओटी भरायची वेळ टळतीय!"

गेनबा अंगणात आला. पाटावर हिरव्या लुगड्यात मंजुळा. भोवती गावभरच्या बायका.

"अक्का, मरळ शिजायची न्हाई."

"काय म्हनलास?"

"आज न्हाई, कधीच न्हाई."

"त्या दवाखान्यातल्या पोरीचं ऐकून? तिला अजून दूध पाजायचं ठाव न्हाई, ती आम्हाला बाळंतपण शिकवणार? आरं, आज्यापास्नं चालत आलेली रीत मोडतोस! बाळाला कमी-जास्त झालं, तर गाव कुणाच्या तोंडात शेण घालंल?"

"माझ्या." गेनबा म्हणाला. "कारण त्या मरळीत जे हाय ते मीच भरलंय. माझ्या वंजळीनं. बापानं भरलं, आज्यानं भरलं. हात जोडून भरलं, अक्का! नेवैद म्हणून आपण तळ्याला काय घालतोय, ते कुणी इचारलंच न्हाई."

गोदाक्कानं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मंजुळा पाटावरून म्हणाली, "आत्या, ओटी नारळानं भरतात, मरळीनं न्हाई. नारळ आणलाय का विसरलीस?"

हसू फुटलं! गोदाक्कासुद्धा हसली. "आणलाय गं बये," म्हणाली, "तुझ्या आईसारखीच फटकळ तू." आणि ओटी भरली — नारळानं, तांदळानं, हळदीकुंकवानं. मंजुळेनं जेवायला पुरणपोळी खाल्ली. म्हातारीला गेनबानं पुन्हा तळ्यात सोडलं. गावात सांगून टाकलं, तळ्याची तपासणी होईस्तोवर इथला मासा कुणी खायचा नाही.

मग शहरातून उत्तर आलं. डॉक्टरीणबाई स्वतः सांगायला आल्या. गेनबा दारात उभाच राहिला.

"आहे," बाई म्हणाल्या. "मंजुळेच्या अंगात पारा आहे. पण थोडा. सासरी मासा नव्हता, इथं थोडेच दिवस खाल्लं, म्हणून थोडा. काका, वेळेत थांबलात. आत जायचं बंद झालं की शरीर हळूहळू बाहेर टाकत राहतं. पुढच्या वेळी मोजू, तेव्हा कमी दिसेल."

आणि कमी दिसलं! त्यानंतर आणखी कमी. दिवस भरले, मंजुळेला मुलगी झाली. बाईंनी तिच्या डोळ्यांपुढं बोट फिरवलं, बाळाची नजर बोटामागं गेली. टाळी वाजवली, बाळ दचकलं, आणि असं भोकाड पसरलं की सांगता सोय नाही! रडणं ऐकून घर हसतं, असा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो, नाही का? बाई म्हणाल्या, "अजून काही वर्षं लक्ष ठेवू. पण आज तरी मला काळजीचं काही दिसत नाही."

गेनबानं पारा बाटलीत घट्ट बंद करून बाईंच्या हवाली केला. आता नुसत्या पाण्यानं केर धुतो. सोनं कमी निघतं. गोदाक्का टोमणा मारते, "काय रे, सोनं उडून जातंय तुझं!" तो म्हणतो, "जाऊ दे. लेकीच्या पोटात तर जात न्हाई." आधी गावातले बाकीचे झारेकर त्याला हसले, मग एक आला, मग दुसरा. तळ्यात गाळ जायचा थांबला. तळाचा पारा एका दिवसात जाणार नाही, मंडळी. खोटा धीर मी देणार नाही. तीन पिढ्यांनी घातलेलं आहे ते. पण वर नवा गाळ बसतो आहे, आणि तपासायला येणारे सांगतात, की यंदाच्या माशांच्या पिल्लांच्या अंगात पारा मागच्यापेक्षा कमी आहे.

तर मग प्रेमानं दिलेलं विष कमी बाधतं का? नाही. उलट जास्त बाधतं, कारण घेणारा तोंड मिटत नाही. पण एक आहे — जो प्रेमानं देतो, तोच प्रेमानं थांबूही शकतो. वैरी कधी थांबतो का?

आता तुम्ही मनात म्हणाल, बुवा, आमच्या गावात कुठं झारेकर आणि कुठं पारा? बरं! मग फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर कोण धुतं? फुटलेली ट्यूबलाइट ओढ्यात कोण भिरकावतं? संपलेले सेल उकिरड्यावर, आणि उकिरडा शेतात — हे कोण करतं? मी तुम्हाला रागावत नाही. रागवायचा अधिकार मला नाही, जमतही नाही. एवढंच विचारतो.

आज घरी जाल, लेकराला, सुनेला, म्हाताऱ्या आईला वाढाल. वाढताना हात क्षणभर थांबू दे. भिऊन नव्हे हं! एवढंच आठवायला, की हा घास माझ्या हातात येईपर्यंत कुठल्या पाण्यातून आला, कुठल्या मातीतून आला, आणि त्या वाटेवर मी काय सांडून ठेवलंय. सांडलं असेल तर उद्यापासून सांडू नका. बाकीचं काम माती करते, पाणी करतं, देह करतो. सावकाश करतात, पण करतात. देवानं त्यांना तसंच घडवलंय.

चला, त्याचंच नाव घ्या — मोठ्यानं, म्हणजे पाळण्यातल्या पोरांनाही ऐकू जाईल!