कोपरापर्यंत

हिमायतनगरच्या नव्या दवाखान्यात, वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. डॉक्टर नुकतेच सुनेला रागावून, पेजर बघत निघून गेले होते.

“त्रिवेणी, टाक्यांवरची पट्टी मी उचलली होती. तू स्वतःचं नाव का सांगितलंस?”

“तुमचं सांगितलं असतं तर तुम्हाला आत सोडलं नसतं.”

“आता तुला सोडत नाहीत.”

“मी बसते इथं. तुम्ही जवळ असलात की हे दोन घास तरी खातात.”

“शिवराज सारखा म्हणत होता, आई, टाक्यांना खाज सुटली. बोटानं जरासं खोबरेल लावलं, बस. तेवढ्यानं पू होतो?”

“झाला ना. टाके उघडून जखम धुवावी लागली.”

“लई परेशान झालं गं लेकरू.”

“पुन्हा खाज सुटली म्हणाले तर सिस्टरला हाक मारा. तुम्ही हात लावू नका.”

“नाही लावत.”

“आणि आत जायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. पाटल्या काढून धुवा, असं सिस्टर म्हणाल्या.”

“ह्या माझ्या लग्नापासून निघाल्या नाहीत. तुझ्या लग्नात तुला घालायच्या होत्या, तेव्हा पण निघाल्या नाहीत.”

“माहीत आहे मला.”

सासूबाई कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेल्या. बराच वेळ नळ वाहत होता.

“निघाल्या बघ साबणानं. धर.”

“पर्समध्ये ठेवते.”

“पर्समध्ये नको, इथं कोण कसं असतं. हातात घाल.”