क्योटोत गेलेली बॅग

(नांदेडमधली एक कॉलनी, सकाळची वेळ. निवृत्त एसटी कंडक्टर साहेबराव आणि त्यांच्या पत्नी सरजाबाई जपानला लेकीकडे महिनाभर राहून आले आहेत. शेजारचे उद्धव सर पत्नी विनीतासह आता जपानलाच, लेकाकडे, जायचे आहेत; ते वही-पेन घेऊन त्यांच्याकडे बसले आहेत.)

उद्धव : थांबा, मोजे लिहून घेतो. किती जोड?

साहेबराव : चार न्या, पर फाटके नका नेऊ. तिकडं खानावळीत सुद्धा कुठं कुठं बूट काढायला लावतात. माझा अंगठा मोज्यातून बाहेर डोकावून राहिलेला, आमची माया लाजून लाल झाली. आन् बूट बिनलेसचे घ्या. तुमचे गुडघे दुखतात.

उद्धव : बिनलेसचे. पुढे?

साहेबराव : रस्त्यावर कचराकुंडी दिसत न्हाई. केळाची साल हातात घेऊन मी दोन घंटे फिरलो. तवा एक पिशवी खिशात असू द्या. गाडीत फोनवर बोलायचं न्हाई. सरकत्या जिन्यावर तुमच्या मिहिरच्या टोकियोत डाव्या अंगाला उभं राहायचं, आमच्या मायाच्या ओसाकात उजव्या. काहून, ते इचारू नका.

सरजाबाई : चहा घ्या सर. आन् खाण्याचं मला इचारा, ह्यांना काय कळतंय. तुमच्याकडं मासमच्छी चालत न्हाई ना? मंग सूप बघून प्या. वरून निसतं पाणी दिसतंय, आत मासळीचा अर्क ऱ्हातो. मिहिरला इचारल्याबिगर घोट घ्यायचा न्हाई. भाजलेलं रताळं खुशाल खा. आन् शेंगदाण्याची चटणी इथूनच न्या, दोन डबे.

उद्धव : बरं. आणि साहेबराव, ते बॅगेचं. तुम्ही परवा कट्ट्यावर सांगत होतात, गाडीत बॅग गेली आणि परत मिळाली म्हणून.

साहेबराव : तिसऱ्यांदा इचारून राहिले सर तुम्ही.

उद्धव : नीट ऐकायचं राहिलं होतं.

साहेबराव : त्यात काय एवढं. नाराला बुद्धाची लई मोठी मूर्ती हाय. माया ऑफिसात, आम्ही दोघंच निघालो, क्योटोवरून गाडी बदलून. आता माझी सगळी नोकरी मुखेड डेपोत गेली. बाजाराच्या दिवशी गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकायचे, टोप्या टाकायचे. एकानं तं जागा धरायला जिती कोंबडी टाकली होती. मी सगळ्यांवर खेकसायचो. आन् तिथं गाडी आली तं मीच, जागा धरायला म्हणून, बॅग आत सारली. दुसरी पिशवी उचलतो न उचलतो तवर दार बंद. गाडी गेली.

उद्धव : बॅग घेऊन.

साहेबराव : हाव. बॅग घेऊन. पाऊण तासानं मिळाली, जशीच्या तशी.

उद्धव : मधल्या पाऊण तासात तुम्ही काय केलंत? आधी कोणाला सांगितलं? तिच्यावर नाव, नंबर काही होतं?

साहेबराव : होतं की. मायानं जपानीत लिहून दिलं होतं.

उद्धव : आणि कोणी त्रास नाही दिला? कोणी घाबरवलं वगैरे नाही?

सरजाबाई : सर, बॅगेला कोण घाबरवतंय?

उद्धव : हो. खरंय.

सरजाबाई : तुमचा चहा निवून गेला. काय झालंय?

उद्धव : विनीता गेल्या महिन्यात हरवली होती, वहिनी.

साहेबराव : आपल्या विनीताबाई? कुठं?

उद्धव : भाजी आणायला गेली. तास झाला, दीड तास झाला. मी सगळा भाजीबाजार पालथा घातला. शेवटी अर्धापूरहून फोन आला. तीस वर्षं तिथल्या शाळेत शिकवायला जायची ना, पिशवी घेऊन सरळ अर्धापूरच्या गाडीत जाऊन बसली. शाळा अजून भरली कशी नाही म्हणून फाटकापाशी उभी होती. तुमच्यासारखाच एक कंडक्टर. त्याने तिच्या पर्समधला माझा नंबर बघितला आणि परतीच्या गाडीत स्वतः आणून बसवली.

सरजाबाई : आगं माय. आन् आम्हाला एका शब्दानं बोलला न्हाईत.

उद्धव : मिहिरलाही बोललो नाही. डॉक्टर म्हणतात खुशाल न्या, लेकाला भेटून तिला बरं वाटेल, फक्त एकटं सोडू नका. पण माझं धाडस होत नाही. अर्धापुरात निदान मराठी बोलणारं माणूस भेटलं. तिथे गर्दीत माझा हात सुटला तर ती कोणाला काय सांगणार? उद्यापर्यंत तिकिटं रद्द करता येतात. करणारच होतो. मग तुमची बॅग ऐकली. म्हटलं, निदान विचारून बघू.

सरजाबाई : अहो. सांगा आता. का मी सांगू?

साहेबराव : सर, बॅग न्हवती ती.

सरजाबाई : मी होते.

उद्धव : वहिनी, तुम्ही?

सरजाबाई : मंग. कट्ट्यावर कसं सांगतील? जिंदगीभर दुसऱ्यांना गाडीत चढवलं आन् सोताची बायको एकटीच चढवून खाली राहिला, असं? लोक हसतील ना. म्हणून आल्यापासून माझी बॅग केली ह्यांनी.

साहेबराव : मीच म्हणलं होतं तिला, तू आधी चढ, जागा धर. मुखेडच्या सवयीनं. गाडी अर्धी रिकामी होती सर, धरायला जागा तरी कुठं कमी होती. दार लागलं आन् काचेतून हिचं लुगडं तेवढं दिसलं. फोन माझ्याकडं, पासपोर्ट माझ्याकडं. मला तिथंच खाली बसावं वाटलं. एका वर्दीवाल्याला पकडलं, त्याला माझं कळंना, मला त्याचं. मी निसता बोटानं गाडी दाखवून राहिलो आन् रडून राहिलो.

उद्धव : तुम्हाला किती भीती वाटली असेल, वहिनी. पण तुमचं एक बरं, आपण हरवलोय हे तुम्हाला कळत होतं. तिला तेच कळत नाही. माझी खरी भीती ती आहे.

सरजाबाई : मला तरी कुठं कळलं? मी म्हणलं, हे दुसऱ्या दारानं चढले असतील. रुमाल टाकून बाजूची जागा धरून बसले मजेत. दोन ठेसनं गेली. एक माणूस बसायला आला, त्याला हातानं न्हाई म्हणलं. समोर एक म्हातारी होती, माझ्यापेक्षाही थकलेली. ती रुमालाकडं बघी, दाराकडं बघी, माझ्याकडं बघी. तिला आधी कळलं, सर. मला मागून.

उद्धव : मग तिने काय केलं?

सरजाबाई : गळ्यातलं कार्ड वाचलं. मायानं घातलं होतं, मी शाळकरी पोर हाय का म्हणून भांडले होते तिच्याशी. म्हातारीनं माझा हात धरला, पुढच्या ठेसनात खाली उतरवलं. तिथल्या माणसाकडून मायाला फोन लावला. मंग माझ्याजवळ बाकड्यावर बसली. पिशवीतून भाताचा गोळा काढून दिला. आत मासा होता, मी खाल्ला. तिला माझं कळंना, मला तिचं, तरी आम्ही लई बोललो. तिचं ठेसन पुढं होतं म्हणं, हे मायानं नंतर सांगितलं. हे येईस्तोवर ती उठली न्हाई.

साहेबराव : मायानं मला फोनवर समजावलं, त्या वर्दीवाल्यानं गाडीत बसवलं. उतरलो तं ह्या दोघी बसलेल्या, गप्पा मारत. मी त्या बाईंच्या पायाच पडलो. ती बिचारी घाबरून माझ्यापुढं वाकली. दोघंही वाकून उभे.

सरजाबाई : हरवलेल्याला कळावंच लागतं असं न्हाई, सर. बाजूच्याला कळलं तरी भागतंय. तुमच्या अर्धापूरच्या कंडक्टरला कळलंच ना?

उद्धव : हो. त्याला कळलं.

साहेबराव : पर लपवू नका. मिहिरला आजच सांगा. आमचं निभावलं, पर अकलेनं न्हाई निभावलं. पोराला ठाऊक असलं तर तो दोन डोळे जास्तीचे ठेवील. कार्डावर त्याचा नंबर, घरचा पत्ता, आन् बाई इसरतात हे सुद्धा जपानीत लिहून घ्या. लाजायचं काय त्यात.

उद्धव : आज सांगतो. आत्ताच सांगतो. तुम्हाला खरं सांगू, महिना झाला, मला नीट झोप नाही. तिच्याजवळ हसून बोलायचं आणि मनात तिकिटं रद्द करायची. आज छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटतंय.

सरजाबाई : मंग तो गार चहा ठेवा, दुसरा करते. आन् वहीत एक लिहा. गाडीत चढताना जागा धरायची न्हाई. हात धरायचा.

उद्धव : लिहिलं. चारचौघांत तिलाच संकोच वाटेल, पण धरीन.

सरजाबाई : तिकडं कोणी बघत न्हाई. लग्नाला चाळीस वर्षं झाली, ह्यांनी कधी रस्त्यात माझा हात धरला न्हवता. त्या दिवशी धरला तो नारात धरला, बुद्धापुढं धरला, विमानतळावर धरला, हैदराबादहून गाडीत बसलो तरी धरलेला. नांदेडच्या ठेसनात सोडला.

साहेबराव : बॅगा उतरवायच्या होत्या.