हळद दळणारी आत्या

या मायबाप, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनाहून परतताना धाड गावच्या एसटीत ऐकलेली गोष्ट सांगतो. पुढच्या बाकावर नवरा-बायको होते.

"गोकर्णाताई काल न जेवताच गेल्या."

"हळू बोल, लोक ऐकतीन."

"ऐकू द्या! तुमच्या सख्ख्या बहिणीनं आपल्या पोरीची, अश्विनीची हळद जात्यावर दळली, अन् लावाच्या वक्ताले तुम्ही तिले म्हनलं, तू आत बस."

"विधवेचा हात कसा लागू देऊ? पाव्हणे काय म्हनले असते?"

"अन् गावात शिनेमा काढला तवा? त्यात तुम्हीच पोरीचे बाप झालते ना! विधवा बहिणीचा हात धरून पोरीले हळद लावली. साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या. ताई तर पडद्याकडं पाहून रडत होत्या."

"मले माहीत हाये."

"उद्या लग्न हाये. आता ताईले बोलवाले चाललो, त्यायच्या दारात उभं राहून काय म्हनसान?"

"तूच सांग."

"शिनेमात म्हनलं तेच म्हना."

"अवं, ते तर डायरेक्टरनं लिहून देल्लं होतं."

 मग तो खिडकीकडे तोंड करून बसला.

मायबाप, तुमच्या दारी मांडव पडेल, तेव्हा आत बसवलेल्या गोकर्णाताईंची आठवण ठेवा.