मूर्तीखालची रेघ

वेबसाइटवरची एक साधी रेघ केवढा घोळ घालते ते मला विचारा. पेणला माझ्या मामाचा गणपतींचा कारखाना आहे. मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात घरी बसून वेबसाइट करतो, म्हणून हौसेने त्यालाही एक करून दिली. मूर्तीचा फोटो, खाली नाव, आणि नावावर बोट टेकवलं की बुकिंग. नाव दाबायचं असतं हे कळावं म्हणून खाली रेघ, सगळीकडे असते तशी.

आठ दिवस एकही बुकिंग नाही. मग मामाचा फोन.

"अरे, रोह्याची माणसं विचारतायत, सगळ्या मूर्ती एवढ्यात कशा गेल्या?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मामाच्या कारखान्यात मूर्ती बुक झाली की फळीवर तिच्याखाली खडूने रेघ मारतात. जुनी गिऱ्हाइकं रेघ बघून पुढे सरकतात.

"रेघा पूस आधी! खरंच गेल्यात तेवढ्यांखालीच ठेव."

मी तसं केलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन.

"रोहेकर खूश हायत. पण आता पुण्याची नवी गिऱ्हाइकं आलीत, ती भांडतायत."

"का?"

"त्यांना नेमक्या गेलेल्याच मूर्ती पाहिजेत. रेघ दिसली की दाबतात. बाकीच्यांना कोण हात लावत नाय."

"मग आता काय करू, मामा?"

"वेबसाइट आहे तशी राहू दे. तू खडू घेऊन पुण्याला जा, त्यांना रेघ शिकव."